खटक्याचा डबा

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी कोणाच्या मागे लागणार नाही. फक्त एवढंच सांगतो की ज्या चार माणसांनी तो आवाज ऐकला, त्यांतला चौथा मी आहे.

वेळ रात्रीची नव्हती. वादळ नव्हतं, दिवे गेले नव्हते.

रविवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारी पाइप लावून गाडी धूत होता.

जागा म्हणजे माझ्या मामाच्या घरातली मागची खोली. एक खिडकी, एक गालिचा, भिंतीपाशी दोन उंच स्पीकर, त्यांच्यासमोर एक खुर्ची. खुर्चीच्या पाठीमागे एक फळी आणि फळीवर सगळी यंत्रं. हे नीट लक्षात ठेवा. खुर्चीत बसलेल्या माणसाला मागची फळी दिसत नाही.

मामाचा धंदा पियानो लावण्याचा. वाजवत नाही तो, बेसूर झालेले पियानो सुरात आणतो. चाळीस वर्षं हेच केलं. फ्रीजची घरघर कुठल्या सुरात आहे हे तो झोपेतही सांगायचा, म्हणून सगळे त्याला ‘कानसेन’ म्हणायचे. मामी म्हणायची, याला जगातलं सगळं ऐकू येतं, मी सांगितलेलं काम तेवढं ऐकू येत नाही.

त्याचा एकच दोस्त. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, म्हणून आम्हा पोरांचे ते रेडिओकाका. तीस वर्षं दर रविवारी दुपारी सव्वातीनला दोघं या खोलीत बसायचे आणि दारावर जणू ‘आत येऊ नका’ अशी पाटी लागायची.

आत काय चालायचं? तर डबे ऐकणं चालायचं.

सांगतो. कॉम्प्युटरमध्ये गाणं साठवलेलं असतं ते नुसत्या आकड्यांत. त्या आकड्यांचा परत आवाज करायला एक छोटं यंत्र लागतं, त्याला डॅक म्हणतात. फोनमध्येही तो असतो, पण हौशी लोक तो वेगळा विकत घेतात. कारण प्रत्येक डॅकचा आवाज म्हणे निराळा. एखादा कोरडा, एखादा काचेसारखा टोचणारा... आणि एखादा उबदार. उबदार म्हणजे वाजवणारा माणूस आपल्या शेजारीच बसलाय असं वाटायला लावणारा.

मामाला उबदार हवा होता. त्यासाठी त्यानं गेल्या काही वर्षांत चार डॅक घेतले नि चारही विकले.

ऐकायचं असायचं एकच. माझी मामेबहीण, म्हणजे ताई, सोळा वर्षांची असताना तिनं वाजवलेला पियानो. पियानो मामानं लावलेला आणि ध्वनिमुद्रण रेडिओकाकांचं. मामा म्हणायचा, पूर्वी हे ऐकताना पोरगी समोर बसल्यासारखी वाटायची, आता लांब गेल्यासारखी वाटते. यंत्रात माया नाही.

दोष यंत्राचा, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

डॅक निवडायची त्यांची रीत ठरलेली होती. दोन डॅक एकाच वेळी चालू ठेवायचे. दोन्हींच्या तारा रेडिओकाकांनी बनवलेल्या एका लाकडी डब्यात जायच्या. डब्यावर एक खटका. इकडे फिरवला की एक नंबर ऐकू येणार, तिकडे फिरवला की दोन नंबर. मामा पाठ करून खुर्चीत बसायचा. रेडिओकाका मागे उभे राहून खटका फिरवायचे. उगीच दोन-तीनदा खट् खट् करायचे, म्हणजे मोजून उपयोग नाही. मग मामानं ओळखायचं, एक की दोन.

तोंडानं उत्तर द्यायचं नाही, कारण आवाजावरून सुगावा लागतो. म्हणून डब्याला दोरीनं पेन्सिलीचं एक थोटूक बांधलेलं होतं. उत्तर बरोबर असेल तर डब्यावर एकदा टक्. चूक असेल तर दोनदा.

आणि खोलीतल्या कोणीही मागे वळून बघायचं नाही. हा नियम मामाचाच.

याच नियमानं घात केला.

ताईला मामानं आपलाच धंदा शिकवला होता. बापाच्या दोन पावलं पुढेच होती ती. पाच वर्षांपूर्वी एका संगीतशाळेचा मोठा पियानो मामानं लावला आणि ताई तो वाजवून बघायला बसली. उजव्या टोकाच्या पट्ट्यांवर तिचा हात थांबला.

“बाबा, वरचे सूर चढे लागलेत.”

मामा हसला. तिनं पुन्हा सांगितलं. मग म्हणाली, “रागावू नका, पण गेले दोन-तीन पियानो असेच झालेत. एकदा कान तपासून घ्या ना.”

झालं. मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे कान? मला शिकवतेस? चल घरी, रविवारी होऊन जाऊ दे.

रविवारी ती आली. बापलेक शेजारी-शेजारी बसले, दोघांची पाठ फळीकडे. रेडिओकाका म्हणाले, “थांबा जरा. एक तार हलतेय वाटतं, आत जाऊन सोल्डर करून आणतो.” डबा घेऊन ते आत गेले. दहा मिनिटं लागली. आतून सोल्डरचा, म्हणजे जळक्या राळेचा नि शिशाचा वास येत होता, हे ताईला अजून आठवतं.

मग खेळ झाला. दोघांनीही दहा-दहा वेळा ओळखायचं.

मामा दहापैकी दहा.

ताई दहापैकी तीन.

दोन्ही डॅक तिला अगदी एकसारखे ऐकू आले होते, केसाचाही फरक नाही. आणि बापाला मात्र फरक स्पष्ट कळत होता. म्हणजे तिचेच कान खोटे. मामा विजयी वीरासारखा म्हणाला, “आता बोल. कोणाला दाखवायचे कान?”

पुढच्या महिन्यात तिनं धंदा सोडला. घरही सोडलं. एका छापखान्यात छापण्याआधीच्या चुका तपासायचं काम धरलं. डोळ्यांचं काम. सणावाराला फोन यायचा, तोही मामीला.

मामा म्हणायचा, पोरीला हार पचली नाही.

गेल्या वर्षी रेडिओकाका गेले. दुकानातच, कामाच्या टेबलावर मान टाकून. मामा चार दिवस जेवला नाही. महिन्याभरानं काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो लाकडी डबा पाठवून दिला. पेन्सिलीच्या थोटकासकट.

मामानं तो फळीवर ठेवला आणि काही दिवसांनी त्याला पुन्हा डॅकची हुक्की आली. दुकानदाराकडून त्यानं दोन डॅक तीन आठवड्यांसाठी ऐकायला आणले. एक रुपेरी, एक काळा. दुकानदार म्हणाला होता, यातला एक भलताच उबदार आहे, कुठला ते तुम्हीच सांगा.

पण खटका फिरवणार कोण?

मामीला उभं केलं. तिच्या हातात उलथनं तसंच होतं.

“एक,” मामा म्हणाला.

“चूक,” मामी म्हणाली.

“तोंडानं नाही गं, पेन्सिल वाजव!”

दहापैकी चार बरोबर आले. मामा वैतागला. “तुला खटका नीट फिरवता येत नाही.”

“खटका फिरवायला काय शिकवणी लावू? आणि मला विचाराल तर दोन्ही सारखेच वाजतात.” ती निघून गेली.

मामाच्या मनात पाल चुकचुकली असेल का? तो म्हणतो, नाही. मला वाटतं, चुकचुकली. त्यानं त्या पालीला हाकलून लावलं.

पुढच्या रविवारी मामी बहिणीकडे गेली होती. घरात मामा एकटाच. सवयीनं सव्वातीनला तो खुर्चीत बसला आणि ताईचा पियानो लावला. परीक्षा वगैरे काही नाही, नुसता बसला. डोळे मिटले.

बाहेर पाइपातून पाणी पडत होतं. मग ते बंद झालं.

आणि पाठीमागे...

खट्. खट्.

मामाचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले. त्याला वाटलं, मामी परत आली. त्यानं हाक मारली. उत्तर नाही.

पियानो चालूच होता.

तो वळला नाही. का वळला नाहीस, असं मी त्याला दहादा विचारलं. तो म्हणतो, नियम होता ना. तीस वर्षांत कधी वळलो नव्हतो, मान वळतच नव्हती.

त्याच्या तोंडून आपोआप निघालं, “एक.”

क्षणभर काही नाही...

टक्.

एकदाच. लाकडावर पेन्सिलीची तीच ओळखीची टक्. फार जोरात नाही, फार हळू नाही.

मामाच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग पुन्हा खट्, खट्, खट्. “दोन.” टक्. खट्. “दोन.” टक्.

दहा वेळा.

दहापैकी दहा.

गाणं संपलं तेव्हा त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. कितीतरी वेळानं तो वळला. मागे कोणी नव्हतं. पण खटका एकवर होता तो आता दोनवर होता. आणि फळीच्या कडेला लोंबणारं पेन्सिलीचं थोटूक डब्याच्या झाकणावर आडवं पडलं होतं.

दोरी अजून हलत होती.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? घर सोडून पळालो असतो. मामानं काय करावं? तो पुढच्या रविवारची वाट बघू लागला.

हसू नका. त्याची भीती खरीच होती, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी त्याला मिळालं होतं. मामीनं दहापैकी चार म्हटलं होतं आणि दोस्तानं दहापैकी दहा म्हटलं होतं. दोस्त मेल्यावरही त्याच्या बाजूनं उभा होता. मामा आठवडाभर शीळ घालत फिरला. मामीनं विचारलं, “कुठली लॉटरी लागली?” तर म्हणाला, “काही नाही, कान शाबूत आहेत.”

दुसऱ्या रविवारी मामी घरात होती, पुढच्या खोलीत इस्त्री करत होती. मामानं दार लावून घेतलं. त्या दिवशी त्यानं धीर करून विचारलं, “तू आहेस ना रे?”

खूप वेळ नुसता पियानो...

टक्.

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. पुन्हा दहापैकी दहा. एक नंबरचा रुपेरी डॅक उबदार, हे त्याचं पक्कं झालं. पोरगी थोडी जवळ आल्यासारखीही वाटली.

बाहेर आला तर मामी इस्त्री हातात धरून त्याच्याकडे बघत होती. “आत कोण ठोकतंय?”

“मीच,” मामानं ठोकून दिलं.

तिसरा रविवार. हाच तो, ज्याबद्दल मी सुरुवातीला सांगितलं.

सव्वातीन वाजले. शेजारी गाडी धूत होता. मामा खुर्चीत बसला. खट्, टक्. खट् खट्, टक्. एक, दोन, दोन, एक. दहाच्या दहा बरोबर. तो खुशीत उठला. उद्या काळा डॅक परत करायचा आणि रुपेरी ठेवायचा. काळ्याची वायर काढायला तो खाली वाकला...

वायर भिंतीत नव्हतीच.

तिथे इस्त्रीची वायर होती. पुढच्या खोलीतला प्लग बिघडला म्हणून मामीनं सकाळीच काळ्याची वायर उपटून तिथे इस्त्री लावली होती, मागच्या दारानं लांब वायर ओढून. तिनं मामाला सांगितलंही होतं. त्यानं ऐकलं नव्हतं.

मामा तसाच जमिनीवर बसून राहिला.

काळा डॅक बंद होता. सकाळपासून बंद. मग खटका दोनवर गेला की खोलीत शांतता व्हायला हवी होती. एकदा तरी. पाच वेळा तो ‘दोन’ म्हणाला होता. पाचही वेळा पियानो वाजत होता. आणि पाचही वेळा मागून उत्तर आलं होतं, बरोबर.

त्यानं उठून स्वतःच्या हातानं खटका फिरवला. एक. पियानो. दोन. पियानो. पुन्हा एक, पुन्हा दोन. पियानोला काही फरकच पडत नव्हता.

मामानं पेचकस आणला. डब्याच्या तळाचे चार स्क्रू काढले. एक स्क्रू गालिच्यात हरवला.

आत दोन नंबरच्या तारा कापलेल्या होत्या.

तुटलेल्या नाही, कापलेल्या. टोकं नीट सरळ कापून त्यांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी जुनी, आक्रसलेली, तिचा डिंक बाहेर येऊन त्यावर धूळ बसलेली. आणि खटक्याची दोन्ही टोकं एका बारीक तारेनं आपसांत जोडून टाकलेली. सोल्डर चकचकीत, गोल, थेंबासारखं. असं सोल्डर मामाला माहीत असलेला एकच माणूस करायचा.

खटका कुठेही फिरवा. वाजणार एकच.

आता दहा मिनिटांचं कोडं सुटलं. “एक तार हलतेय वाटतं.” मामाचे कान गेलेत, हे दोस्ताला आधीच कळलेलं होतं. पण नुसतं खोटं ‘बरोबर’ वाजवून त्या दिवशी भागणार नव्हतं, कारण शेजारी ताई बसणार होती आणि तिचे कान धडधाकट होते. तिला फरक कळला असता तर बापाचं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून फरकच काढून टाकला. बापाला दहा दिले आणि पोरीला तीन.

एका म्हाताऱ्याची लाज राखायला एका पोरीचे कान कापले. मला दुसरा शब्द सुचत नाही.

मामा जमिनीवर बसून रडला नाही. तो म्हणाला, “हलकटा.” फळीकडे बघून म्हणाला. “तीन रविवार झाले. मेल्यावरसुद्धा खोटंच बोलतोयस?”

फळीवरून काही आवाज आला नाही.

त्यानं काकूंना फोन लावला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हे मला म्हणाले होते, माझ्यामागे तो डबा जाळून टाक, कानसेनाच्या हाती पडू देऊ नकोस. का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, जाळण्यापेक्षा तुमच्याकडे राहिला तर आठवण राहील. माझं काही चुकलं का हो?”

मामा म्हणाला, “नाही वहिनी.”

मग त्यानं ताईला फोन केला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतः.

ती आली. रविवारच्या जादा पाळीवरून, छापखान्यातून तशीच, बोटांना शाई लागलेली. मामानं तिला उघडा डबा दाखवला. ती धंद्यातली पोर, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं ती काळी पट्टी बोटानं चाचपून बघितली.

“त्या दिवशी आतून वास आला होता,” ती म्हणाली.

मग खुर्चीवर बसली.

“पाच वर्षं, बाबा. घरात कोणी गुणगुणलं तरी मी उठून जाते. आपण भलतंच ऐकत असू, या भीतीनं. डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, कान उत्तम आहेत. मला वाटलं, तेही माझं मन राखताहेत.”

मामा म्हणाला, “मला माहीत नव्हतं गं.”

“काकांनी फसवलं, ते मी समजू शकते. तुम्ही त्यांचे दोस्त होता. पण मी तुमची मुलगी ना? माझे कान तुम्ही घडवले होते. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की ही खरं बोलत असेल?”

मामानं डबा पुढ्यात ओढला.

शेवटी त्यानं तारा पुन्हा जोडल्या. वाकडंतिकडं सोल्डर झालं, पण झालं. काळ्या डॅकची वायर भिंतीत लावली. म्हणाला, “तू तिथेच बस. आता मी फिरवतो. माझ्या डोळ्यांनी बघून सांगतो.”

मामीसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

पियानो सुरू झाला. ताईचाच, सोळा वर्षांच्या ताईचा. मामानं आधी सांगून एक नंबर ऐकवला, मग खटका फिरवला. खट्.

ताईनं डोळे मिटले. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. “केवढा फरक आहे, बाबा,” ती पुटपुटली. “आधीच्यात वरचे सूर गोल होते, आता टोचताहेत. हा दोन. आधीचा उबदार होता.”

मामाला दोन्ही सारखेच ऐकू येत होते. पण खटका त्याच्या डोळ्यांसमोर होता. दोनवर होता. पोरीचं बरोबर होतं. त्यानं पेन्सिलीकडे हात नेला...

टक्.

टक्.

मामाचा हात हवेत होता. पेन्सिल लोंबत होती. तिला कोणी शिवलेलं नव्हतं.

ताईनं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “चूक?”

“नाही!” मामा ओरडला. “बरोबर आहे! दोनच आहे!”

त्यानं घाईनं पुन्हा फिरवला. “एक,” ताई म्हणाली.

टक्. टक्.

“बरोबर आहे गं! मी बघतोय ना, एकच आहे!”

“दोन.”

टक्. टक्.

मामीनं हे दारातून बघितलं. ती सांगते, तो आवाज डब्यातून येत नव्हता, फळीतून येत होता, आणि मामा त्याच्या वरताण ओरडत होता. “बरोबर आहे! तिचं बरोबर आहे! गप्प बस, तिचं बरोबर आहे!” ताई एकामागून एक सांगत गेली. दहाही अचूक. आणि दहाही वेळा मागून ते थंडपणे सांगत राहिलं की तू चुकलीस, तू चुकलीस. पाच वर्षांपूर्वीसारखंच.

शेवटच्याला तिनं कान हातांनी झाकून घेतले.

मामानं डबा उचलून जमिनीवर आपटला. दोन तुकडे झाले. पेन्सिल दोरीसकट तोडून खिडकीबाहेर फेकली. मग धापा टाकत फळीला म्हणाला, “माझ्यासाठी केलंस, कळलं मला. पण हिनं तुझं काय बिघडवलं होतं?”

काही नाही. बाहेर पाइप पुन्हा सुरू झाला.

ताई चहासाठी थांबली नाही. दारात मामीनं तिला जवळ घेतलं, तर ती म्हणाली, “येईन. विचार करते आणि येईन.”

याला आता चार महिने झाले.

मामानं धंदा बंद केला. ज्या ज्या लोकांचे पियानो गेल्या काही वर्षांत लावले, त्यांना एकेकाला फोन करून सांगितलं की दुसऱ्याकडून तपासून घ्या, माझी चूक झाली आहे. दोन्ही डॅक परत केले. दुकानदारानं विचारलं, “मग कुठला उबदार वाटला?” मामा म्हणाला, “ते माझ्या मुलीला विचारा.”

त्याला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. मला एकदा म्हणाला, “मी विचारलं होतं, तू आहेस ना रे. तेव्हा टक् वाजलं. पण त्यानं एकदाही खरं सांगितलं नाही, तर मग तेवढंच खरं कसं धरू?”

मी विषय बदलला. तेव्हा मला हे सगळं ऐकीवच होतं ना.

आता त्या खोलीत डबा नाही, पेन्सिल नाही. फळी रिकामी आहे, मामी रोज पुसते. फक्त घरात एक नियम झालाय. त्या खोलीत बसून कोणी ‘बरोबर ना?’ म्हणायचं नाही. मामीनं मला आल्या आल्या बजावलं होतं. मी हसलो होतो.

मागच्या रविवारी गेलो होतो. मामा आत झोपलेला. मामी आणि मी त्या खोलीत चहा घेत बसलो. घड्याळाकडे माझं लक्ष नव्हतं. मामी ताईबद्दल बोलत होती, बोलता बोलता तिनं पदर डोळ्यांना लावला. धीर द्यायला म्हणून मी बोलून गेलो,

“रडू नकोस गं मामी. रक्ताचं नातं आहे. आज ना उद्या येईलच ती परत. बरोबर ना?”

बोललो आणि जीभ चावली.

मामीचा कप तोंडाशी थांबला. आम्ही दोघंही रिकाम्या फळीकडे बघू लागलो. शेजारचा पाइप बंद झाला...

टक्.

मी श्वास रोखून दुसऱ्या ठोक्याची वाट बघितली. मनातल्या मनात विनवण्या केल्या, अजून एक वाजव, ‘चूक’ म्हण, अजून एक.

नाही वाजला. एकदाच.

मामीनं दोन्ही कप उचलले, तसेच भरलेले, आणि ती आत निघून गेली.